उंदीर, गोगलगाय आणि धान्यातला भुंगेरा : उंदरांचे जंत माणसापर्यंत कोणत्या वाटेने येतात

उंदरांबद्दल आपण बोलतो तेव्हा हिशेब पोत्यांचा असतो. ज्वारीची किती कणसे तोडली, उसाच्या किती कांड्या कुरतडल्या, ठिबकच्या किती नळ्या गेल्या. कृषी सहायकाच्या नोंदवहीतही एकरी जिवंत बिळे किती, एवढेच येते. उंदराच्या पोटात, यकृतात आणि फुप्फुसात काय असते हा आपला विषय नाही, तो दवाखान्याचा, असे आपण धरून चाललो आहोत. मीही कित्येक वर्षे तसेच धरत होतो.

2022 च्या खरिपाने माझे मत बदलले. त्या हंगामात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात शंखी गोगलगायींनी कोवळे सोयाबीन अक्षरशः रातोरात खाल्ले. लोकांनी दुबार, काहींनी तिबार पेरणी केली आणि शेवटी शासनाला मदत जाहीर करावी लागली. आपला बार्शी तालुका धाराशिवला लागूनच. तेव्हा आम्ही सगळे एकच सल्ला देत होतो : संध्याकाळी आणि पहाटे गोगलगायी वेचा, साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाका. सल्ला बरोबरच होता. पण एका बांधावर मी पाहिले की घरातली पाच-सहा पोरे उघड्या हातांनी गोगलगायी वेचत होती आणि मधूनच त्याच हातांनी खिशातले चुरमुरे खात होती. मी शेजारी उभा होतो, काही बोललो नाही. मलाच तेव्हा सुचले नाही. परत आल्यावर वाचायला बसलो, तेव्हा लक्षात आले की उंदीर आणि गोगलगाय हे आपल्या दृष्टीने दोन वेगळे शत्रू असले तरी एका जंताच्या दृष्टीने ते एकाच घराच्या दोन खोल्या आहेत.

फुप्फुसातला जंत आणि गोगलगाय

या जंताचे शास्त्रीय नाव अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस. उंदराच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत तो राहतो, म्हणून त्याला साध्या भाषेत उंदराचा फुप्फुसजंत म्हणू. चीनमधल्या कँटन शहरातल्या उंदरांत तो 1935 मध्ये ओळखला गेला, त्यावरून हे नाव. त्याचे जीवनचक्र असे : अंडी उंदराच्या फुप्फुसात फुटतात, बारीक अळ्या खोकल्याबरोबर घशात येतात, गिळल्या जातात आणि लेंड्यांतून बाहेर पडतात. त्या लेंड्या गोगलगाय खाते. गोगलगायीच्या मांसात दोन-तीन आठवड्यांत अळी पुढच्या अवस्थेला जाते. ती गोगलगाय उंदराने खाल्ली की चक्र पूर्ण होते.

माणूस या चक्रात चुकून शिरतो. कच्ची किंवा अर्धवट शिजलेली गोगलगाय खाल्ल्याने, किंवा पालेभाजीच्या पानाला चिकटलेले शेंबडीचे (कवच नसलेल्या गोगलगायीचे) बारीक पिल्लू नकळत पोटात गेल्याने. माणसाच्या शरीरात अळीला पुढची वाट सापडत नाही. ती मेंदूकडे जाते आणि तिथेच मरते. मरताना मेंदूच्या आवरणाला सूज आणते. साधारण एक ते तीन आठवड्यांत जबर डोकेदुखी, मान ताठणे, मळमळ, अंगाच्या एखाद्या भागावर मुंग्या किंवा नुसत्या स्पर्शाने आग होणे, अशी लक्षणे दिसतात. बहुतेक रुग्ण बरे होतात. काहींना कायमचे अपंगत्व येते, क्वचित मृत्यूही.

हे सगळे तैवान, थायलंड, हवाई बेटांकडचे, आपल्याकडे कुठले, असे कोणी म्हणेल. तर ऐका. 1982 मध्ये मुंबईच्या हाफकिन संस्थेतल्या संशोधकांनी मुंबईतल्या उंदीर-घुशींमध्ये हा जंत असल्याचे प्रसिद्ध केले. प्लेगच्या काळापासून उंदीर तपासणारी ही संस्था, तिने हे काम केले यात नवल नाही. पुढे याच गटाने बृहन्मुंबईतल्या गोगलगायींमध्येही त्याचा शोध घेतला. केरळात घोरपडीचे कच्चे मांस औषध म्हणून खाल्लेल्या लोकांना याच जंताने मेंदूज्वर झाल्याच्या नोंदी आहेत; घोरपड गोगलगायी खाते आणि अळ्या तिच्या मांसात टिकून राहतात. म्हणजे जंत देशात आहे, राज्यात आहे. त्याला लागतात फक्त दोन गोष्टी, उंदीर आणि गोगलगाय. पहिला आपल्याकडे कायमचा होता. दुसरी आता मुक्कामाला आली आहे.

शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. 1847 मध्ये एका इंग्रज शौकिनाने मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या बागेत सोडली, तिथून ती देशभर पसरली. सोलापूरसारख्या कोरड्या जिल्ह्यात ती टिकणार नाही असे पूर्वी आम्ही म्हणायचो. आता ते म्हणणे सोडून द्यावे लागेल. उन्हाळ्यात ती मातीत शिरते, शंखाचे तोंड बंद करून महिनोन् महिने पडून राहते. ठिबकखालची ओल, उसाच्या पाचटाचा थर, डाळिंब-पपईच्या बागेतले आच्छादन, बांधावरचे दगड, हे सगळे तिला दुष्काळातही जगवते. रोपवाटिकेतली रोपे, पोयटा आणि शेणखत यांबरोबर ती एका तालुक्यातून दुसऱ्यात जाते. आणि ज्या पाचटात ती लपते, त्याच पाचटाखाली उंदरांची बिळे असतात. जंताला दोन्ही खोल्या एकाच छपराखाली मिळतात.

म्हणून गोगलगाय वेचण्याच्या सल्ल्यात तीन ओळी वाढवाव्या लागतील. हातमोजे घाला, रबरी नसतील तर प्लॅस्टिकची जाड पिशवी हातात अडकवा. लहान मुलांना या कामाला लावू नका. आणि वेचून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तंबाखूची पुडीसुद्धा उघडू नका. चिकट द्रवातून लागण होण्याची शक्यता कमी असते, पण गोगलगाय फुटली की मांसातल्या अळ्या हाताला लागतात. पायाखाली चिरडण्याची सवय म्हणूनच वाईट.

बादलीतल्या पाण्याचे काय करायचे, हा प्रश्न मला अजून कोणी विचारला नाही, पण तो विचारण्यासारखा आहे. बुडून मेलेल्या गोगलगायीतून जिवंत अळ्या पाण्यात बाहेर पडू शकतात, असे हवाईतल्या अभ्यासात दिसले आहे. तेव्हा ते पाणी भाजीच्या वाफ्यात, पाटात किंवा शेततळ्यात ओतू नका. वस्ती आणि विहिरीपासून दूर खड्डा घ्या, मेलेल्या गोगलगायी आणि पाणी त्यात टाकून वर चुना व माती लोटा. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापरत असाल तर लेबलवरच्या मात्रेनेच आणि कुत्री, जनावरे, कोंबड्या तिकडे जाणार नाहीत हे पाहून. कुत्र्याला त्या गोळ्या सहज मारतात.

आता आपल्या ताटाकडे येऊ. सोलापुरात मेथीचा घोळाणा कोणाला आवडत नाही? भाकरी, शेंगाचटणी आणि कच्ची मेथी. कांद्याची पात, कोथिंबीर, कोवळा मुळा हेही आपण कच्चेच खातो. खाणे सोडा असे मी सांगणार नाही, मीही खातो. पण पावसाळ्यात गोगलगायी दिसणाऱ्या रानातली मेथी जुडीसकट पाण्यात बुचकळून काढणे म्हणजे धुणे नव्हे. पान-पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात ठेवल्याने अळ्या मरतीलच असा भरवसा नाही. खात्रीचा उपाय शिजवणे. ज्या वाफ्यात गोगलगायींचा चकाकता माग दिसतो, तिथली भाजी त्या आठवड्यात कच्ची खाऊ नका आणि बाजारात पाठवताना बुंध्याकडची पाने तपासूनच पाठवा.

पोत्यातला भुंगेरा

दुसरी वाट पोत्यातून येते, आणि मंगळवेढ्यासारख्या ज्वारीच्या कोठारात ती जास्त जवळची आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मालदांडीची चव, तिचा टिकाऊपणा याचे आपण कौतुक करतो. पण टिकाऊ धान्य म्हणजे घरात वर्षभर साठवलेले धान्य, आणि साठवलेले धान्य म्हणजे उंदीर आणि भुंगेरे यांची रोजची गाठभेट.

उंदराच्या आतड्यात एक पट्टकृमी असतो, हायमेनोलेपिस डिमिन्युटा. त्याची अंडी लेंड्यांतून धान्यात पडतात. पिठातला तांबडा भुंगेरा त्या लेंड्या कुरतडतो आणि अंडी त्याच्या पोटात जातात. उबदार कोठीत साधारण दोन आठवड्यांत भुंगेऱ्याच्या शरीरात कृमीची छोटी गाठ तयार होते. हा भुंगेरा उंदराने खाल्ला तर उंदरात, माणसाने खाल्ला तर माणसात पट्टकृमी वाढतो. उंदराच्या पिसवाही हेच काम करतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. धान्यातली उंदराची लेंडी थेट पोटात गेली तर हा विशिष्ट कृमी होत नाही. मधे किडा लागतोच. आणि भाकरी तव्यावर भाजली की किड्यातली गाठ मरते. मग धोका कुठे? न शिजवता खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांत. सातूचे पीठ, मेतकूट, फुटाणे, खारीक, शेंगदाणे, हे भाजून ठेवतो, पण भाजल्यानंतर महिनाभर डब्यात राहतात आणि किडा नंतर लागतो. दुसरा धोका लहान मुलांचा. परातीतला कच्च्या पिठाचा गोळा तोंडात घालणारे मूल प्रत्येक घरात आहे. या कृमीचे रुग्ण जगभर बहुतांशी लहान मुलेच असतात. आपल्या देशातही ओडिशातून 2013 आणि 2014 मध्ये अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या, त्यातला एक खेड्यातला लहान मुलगा होता.

आजार सहसा सौम्य असतो : पोटदुखी, भूक मंदावणे, मधूनमधून पातळ शौच, काहींना तर काहीच नाही. घाबरण्याचे कारण नाही. पण एक गैरसमज इथे अडचण करतो. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी मिळते. ती गोळी मुलांना जरूर द्या. मात्र ती गोल जंत, आकडी जंत, चाबूक जंत यांच्यासाठी आहे. पट्टकृमीवर तिचा भरवसा धरता येत नाही, त्यावर डॉक्टर प्राझिक्वांटेल देतात. तेव्हा गोळी खाऊनही मुलाचे पोट दुखतच असेल तर शौचाची तपासणी करून घ्या आणि घरात उंदीर व किडके धान्य आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा. शेळ्या-मेंढ्यांच्या जंताच्या औषधातही हाच घटक असतो म्हणून बाटलीतले चार थेंब पोराला पाजण्याचा प्रकार कृपा करून करू नका. जनावराची मात्रा आणि माणसाची मात्रा वेगळी आहे, औषधाची शुद्धताही वेगळी.

कोठारातले उपाय तुम्हाला नवे नाहीत. धान्य ऊन देऊन 10 ते 12 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा. दाताखाली कट् वाजले पाहिजे, ही जुनी परीक्षा आजही चालते. थप्पी लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून दोन फूट दूर लावा, म्हणजे मागे हात आणि बॅटरी दोन्ही जातील. दाराखाली पत्र्याची पट्टी ठोका. उंदराच्या पिल्लाला बोटभर फटसुद्धा पुरते. जुन्या पोत्यांवर नवे धान्य भरू नका, शिवणीत भुंगेरे वर्षभर लपतात. कडब्याची गंज घराच्या भिंतीला टेकून रचणे मात्र आपल्याकडे अजून सुटलेले नाही. जागेची अडचण मला कळते, पण गंज म्हणजे उंदरांचा वाडा आणि घर त्याचे स्वयंपाकघर होते. निदान पंधरा-वीस फुटांचे अंतर ठेवा.

एक ठाम सूचना. धान्याला किडा लागला म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात ठेवू नका. पट्टकृमी माणसाला क्वचित मारतो, ती गोळी झोपलेले कुटुंब एका रात्रीत संपवते. धुरी द्यायची तर प्रशिक्षित माणसाकडून, माणसे राहत नाहीत अशा गोदामात.

मेलेला उंदीर कुठे टाकता?

तिसऱ्या जंताबद्दल थोडक्यात. कॅपिलारिया हेपॅटिका हा उंदराच्या यकृतात राहतो आणि तिथेच अंडी घालतो. अंडी यकृतातच अडकून पडतात. उंदीर मरून कुजला, किंवा कुत्र्या-मांजराने खाल्ला, तरच ती मातीत येतात आणि काही आठवड्यांनी लागण करण्याजोगी होतात. ती माती हाताने, खेळण्याने तोंडात गेली तर माणसाला यकृताचा गंभीर आजार होतो. मानवी रुग्णाची पहिली नोंद 1924 ची, आणि तो भारतात नोकरी केलेला ब्रिटिश सैनिक होता. तेव्हापासून जगभरात असे रुग्ण फार थोडे सापडले, त्यात लहान मुलेच जास्त. धोका लहान आहे हे खरे. पण त्यावरचा उपाय इतका स्वस्त आहे की तो न करण्याला कारण नाही : मेलेला उंदीर रस्त्यावर किंवा उकिरड्यावर न फेकता दोन फूट खोल पुरावा, हाताने न धरता चिमट्याने किंवा फावड्याने उचलावा.

काही शेतकरी मला सांगतात की कापलेल्या उंदराच्या यकृतावर पांढऱ्या गाठी दिसल्या. त्या बहुतेक वेळा मांजराच्या पट्टकृमीच्या अळीच्या असतात. मांजर उंदीर खाते आणि कृमी तिच्यात मोठा होतो. माणसाला त्यापासून जवळजवळ धोका नाही. रानात उंदीर धरून खाणारी माणसेही आपल्या आसपास आहेत. त्यांना हिणवण्याचे काही कारण नाही. मांस पूर्ण शिजवावे आणि आतडी-यकृत कुत्र्यांपुढे न टाकता पुरावे, इतकेच सांगणे पुरे.

उंदीर कमी करणे हेच मूळ काम

या तिन्ही वाटांच्या सुरुवातीला उंदीर आहे. लहान घुशीची मादी तीन आठवड्यांच्या गर्भावस्थेनंतर सहा-आठ पिल्ले देते, म्हणून एकट्याने आपल्या दोन एकरांत मोहीम करून उपयोग होत नाही. आठवड्यात शेजारच्या रानातून बिळे भरतात. मे-जूनमध्ये रान मोकळे असते, अन्न कमी असते, तेव्हा गावाने किंवा निदान शिवारातल्या एका पट्ट्याने मिळून काम करावे. आदल्या संध्याकाळी सगळी बिळे बुजवा, सकाळी उकरलेली तेवढीच जिवंत समजा. दोन-तीन दिवस साधे भरडधान्य तेल लावून टाका, मग 96 भाग धान्य, 2 भाग तेल आणि 2 भाग झिंक फॉस्फाइड असे आमिष काठीने कालवून बिळात खोल ठेवा आणि बीळ बंद करा. उघड्यावर आमिष ठेवू नका. उरलेल्या उंदरांना नंतर ब्रोमॅडिओलोन द्या, कारण झिंक फॉस्फाइडला वाचलेला उंदीर पुन्हा फसत नाही. पेरणीनंतर रानात पक्षिथांबे उभे करा. गव्हाणी घुबड रात्रीत जे काम करते त्याचे बिल येत नाही. घुबडाला अपशकुनी म्हणून दगड मारणारा शेतकरी आपलाच गडी हाकलून देतो.

धान्य, उंदीर आणि आजार यांचे नाते आपल्या भागाला नवे नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर पडक्या घरांत धान्य तसेच राहिले, उंदीर वाढले, आणि ऑगस्ट 1994 मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रुग्ण दिसले. वाढलेले उंदीर हे त्याचे एक कारण तेव्हा सांगितले गेले. तो जिवाणूचा आजार होता, जंताचा नव्हे. उंदराच्या लघवीतून येणारा लेप्टोस्पायरोसिसही तसाच, आणि ओल्या रानात अनवाणी राबणाऱ्याला जंतांपेक्षा त्याचाच धोका अधिक. पण वाट एकच आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी शेवटची गोष्ट. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूरला राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि परिसर यांचे आरोग्य एकत्र पाहायचे, ही तिची कल्पना. गावपातळीवर या कल्पनेचा अर्थ फार साधा आहे. गोगलगायीचा उपद्रव झालेल्या गावांची यादी कृषी सहायकाकडे असते. पावसाळ्यात मान ताठून, डोके फुटेस्तोवर दुखून आलेला रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांसमोर असतो. दोघांची गाठ पडत नाही. डॉक्टरांना गोगलगायींची खबर नसेल तर त्यांच्या मनात फुप्फुसजंताची शंका येणार कशी? रक्तात आणि पाठीच्या पाण्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढलेल्या दिसल्या तर निदानाला दिशा मिळते, पण ती तपासणी सांगायला आधी शंका यावी लागते. तेव्हा येत्या खरिपात उपद्रवाचा अहवाल तालुक्याला पाठवाल, तेव्हा त्याची एक प्रत गावच्या आरोग्य सेविकेच्या हातात द्या. आणि शेतकरी मित्रांनो, अशा दुखण्याने दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा : मी पंधरा दिवसांपूर्वी गोगलगायी वेचल्या होत्या, किंवा रानातली कच्ची मेथी खाल्ली होती.